दहा मिनिटांचा फोटो

फोटोग्राफरच्या डोक्यात नवंच खूळ शिरलं. भर दुपारी त्याने बायकोला स्टुडिओतल्या खुर्चीवर बसवलं, उजेड कमी करायला पडदे ओढले आणि कॅमेऱ्याचं शटर दहा मिनिटं उघडं ठेवलं.

"डोळे मिट, हलू नकोस. सरणारा वेळ फोटोत पकडतोय."

"वीस वर्षं सरली संसारात, तेव्हा कुठे होतात?" ती पुटपुटली.

दहा मिनिटं भरली. त्याने स्क्रीनवर पाहिलं. बायको धुरकट आली होती. श्वास घेणारा माणूस एवढ्या वेळात थोडा तरी हलतोच.

तिच्या खांद्यावरचा हात मात्र नखांसकट स्वच्छ दिसत होता.

त्याने चटकन मान वर केली. तिच्या मागे कोणीच नव्हतं.

"अहो," डोळे मिटूनच ती म्हणाली, "झाला ना फोटो? मग आता खांदा कशाला दाबताय?"