हिऱ्याची वाट

या मंडळी, जवळ सरकून बसा. एका शिष्याची आणि त्याच्या गुरूची गोष्ट सांगतो.

साठ सालच्या हिवाळ्यात इंजिनिअरिंगची पोरं बोरी अरबच्या डोंगरात रस्ता आखायच्या परीक्षेला आली. त्यांच्यातल्या बंजारा तांड्यावरच्या भावसिंगनं मोजणीच्या दुर्बिणीला डोळा लावला. त्या दुर्बिणीत जग उलटं दिसे; आभाळ खाली, डोंगर वर टांगलेला. त्या टांगलेल्या डोंगरावरून त्याला जुन्या काळचे, मिठाच्या गोण्या लादलेले बैल संथ चालताना दिसले, घंटा ऐकू आल्या. एकही आकडा न मांडता त्यानं कागदावर रेघ ओढली.

“मापं कुठायत? नापास व्हायचंय का?” सर कडाडले. मग स्वतःच त्या रेघेप्रमाणे डोंगर मोजत चढले, अन् वर पोचल्यावर हळूच म्हणाले, “उतार कुठंच चुकला नाही. कोणापाशी शिकलास?”

“हिऱ्यापाशी, सर.”

“कोणत्या कॉलेजात असतात हे?”

“माह्या आज्याचा म्होरक्या बैल व्हता जी. आजा सांगे, थो धापा टाके, तिथून आमचे लोक वाट वळवत.”

पुढं त्याच रेघेवर घाटाचा रस्ता झाला. त्या घाटात तुमची एसटी न थांबता चढली, तर देवाचं नाव घेताना एकदा हिऱ्याचंही घ्या.