मामांची हरकत

सक्तीच्या ओळखपत्राविरुद्ध हरकत नोंदवायला मामा मला घेऊन सरकारी कचेरीत गेले. "आपल्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही," असं वाटेत मला तीनदा बजावलं. मामांचं सलून आहे, त्यामुळे गप्प बसणं म्हणजे त्यांना शिक्षाच.

"अडतीस वर्षं लोकांच्या माना हातात धरल्या, कुणाला ओळखपत्र विचारलं का मी?" त्यांनी खिडकीतल्या बाईंना सुनावलं. "माझं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, तेवढं बास. पाच मार्च एकोणसाठला पोस्टामागच्या पिवळ्या घरात जन्मलो, आजही तिथेच राहतो, हे सरकारला कळून करायचंय काय?"

बाई मान डोलवत टाइप करत होत्या. हरकत शब्दन्‌शब्द उतरवून घेतायत म्हणून मामा आणखी खुलले. मामींच्या शुगरपासून जावयाच्या नोकरीपर्यंत सगळं सांगून झालं.

"थोडक्यात, माझी माहिती मी देणार नाही," म्हणत त्यांनी खिडकीच्या फळीवरच्या छोट्या काचेवर पंजा आपटला. काचेखाली हिरवा दिवा लागला.


"झालं काका, ठसेही आले," बाई म्हणाल्या. "आता फक्त फोटोपुरतं तोंड मिटा."