दोन विहिणी उपाशी

मेट्रनबाईंनी सूपची वाटी उलट्या हातानं बाजूला सारली आणि खिडकीतून समुद्राकडे बघत बसल्या. काल दुपारपासून त्या अन्नाला शिवल्या नव्हत्या. उद्या लेकीचं लग्न होतं. मुलगा परक्या देशाचा, भाषा परकी, आणि लग्न कुठं, तर दोन्ही घरांपासून सारख्याच लांब असलेल्या या हॉटेलात. बोलून झालं होतं, रडून झालं होतं. आता ते थांबवायला मेट्रनबाईंकडे स्वतःच्या पोटाशिवाय दुसरं हत्यार उरलं नव्हतं.

मुलात खोट काढावी, तर सापडत नव्हती. कष्टाळू होता, शांत होता. विमानतळावर भेटल्या भेटल्या त्यांची जड बॅग उचलून चालू लागला होता. लेक आणि तो एका तिसऱ्याच देशात पुलाच्या कामावर भेटले होते, एकमेकांची भाषा शिकले होते, आणि लग्नानंतर तिथंच राहणार होते. दुखणं इथं होतं. नवरा गेल्यावर हॉस्पिटलच्या ड्युट्या करून त्यांनी या पोरीला एकटीनं वाढवलं होतं, आणि आता म्हातारपणी ती फोनमध्ये दिसणार होती. हे तोंडानं बोलायची त्यांना लाज वाटत होती. म्हणून त्या रुसल्या होत्या.

पण रुसव्याची पंचाईत झाली. समजूत काढायला कुणी येईचना. उलट मुलाकडची माणसं येता-जाता त्यांच्यापुढं मान झुकवू लागली. मुलाच्या एका जाड्या काकानं तर त्यांचा हात हातात घेऊन डोळे पुसले. हा काय प्रकार आहे म्हणून मेट्रनबाईंनी लेकीला विचारलं. ती म्हणाली, यांच्या घराण्यात लग्नाआधी आई उपाशी राहते, तो सगळ्यात मोठा आशीर्वाद मानतात. बघ ना, त्याची आईही जेवत नाहीये.

म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. उपाशी राहावं तर लग्नाला आशीर्वाद, आणि जेवावं तर हार. मेट्रनबाईंच्या पोटात कावळे ओरडत होते आणि त्यांची सख्खी बहीण विहीणबाईंना नमस्कार करून आली होती.

विहीणबाई टेबलाच्या समोरच्या बाजूला बसल्या होत्या. त्या बेकरी चालवायच्या. हातावर भाजल्याचे जुने डाग होते. त्यांच्यापुढं मासा, उकडलेले बटाटे आणि पाव तसेच पडून होते. मघाशी त्यांनी पाव बोटानं दाबून बघितला होता आणि नाक मुरडलं होतं, पण तुकडा काही मोडला नव्हता.

आता त्यांनी ताट बाजूला सारलं. उलट्या हातानं. आणि तिरक्या नजरेनं मुलाकडे बघितलं.

मेट्रनबाई सावध झाल्या. न जेवणारी माणसं हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग होता. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेला पेशंट ताटाकडे बघतो. श्रद्धेनं उपाशी राहिलेला कुठंच बघत नाही. पण मुलगा भेटायला आला नाही म्हणून रुसलेली म्हातारी ताट सारते आणि दाराकडे बघते.

त्यांनी आपल्या वाटीकडे बघितलं. मग लेकीला जवळ बोलावलं.

“ही रीत नाही. हा रुसवा आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “खरं सांग.”

लेकीनं बराच वेळ नॅपकिनच्या घड्या घातल्या. मग कबूल केलं. रीतबीत काही नव्हती. काल दुपारी इकडे आईनं जेवण सोडलं आणि तिकडे त्याच्या आईनंही सोडलं, तेव्हा लेक आणि मुलगा दोघांनी बसून ती रचली. त्यानं आपल्या माणसांना सांगितलं की ही रीत हिच्याकडची, आणि हिनं आपल्या माणसांना सांगितलं की ती त्याच्याकडची. पुलाचं शिक्षण अगदीच वाया गेलं नव्हतं.

“म्हणजे तिला हे लग्न नकोय?”

“तुलाही नकोच आहे ना, आई?”

“माझं सोड. तिला काय नकोय? तू?”

मुलाला नको म्हणायचा हक्क आपला, एवढंच मेट्रनबाईंनी धरलं होतं. आपल्या पोरीला कुणी नको म्हणेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. लेक म्हणाली की तसं नाही, मी चांगलीच आहे म्हणतात. फक्त माझ्यामुळं त्यांचा मुलगा आता घरी परत येणार नाही, म्हणतात.

हेच वाक्य मेट्रनबाईंनी कालपासून पोटात दाबून धरलं होतं. समोरच्या बाईच्या भाजलेल्या हातावर हात ठेवावासा वाटला. पण ते क्षणभरच. पुढच्या क्षणी नाकाला मिरच्या झोंबल्या.

त्यांनी वाटी पुढं ओढली.

“सूप गार झालंय, गरम आणायला सांग,” त्या सगळ्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “आणि विहीणबाईंना सांग, मी जेवतेय. लग्न उद्या ठरल्या वेळेला लागणार. माझ्या पोरीला नाही म्हणणारं माणूस अजून जन्माला यायचंय.”

जाड्या काकानं मान झुकवली. मुलानं खाली बघत आईला सगळं तिच्या भाषेत सांगितलं. विहीणबाईंनी ते पुरतं ऐकून घेतलं. मग ताट पुढं ओढलं, पाव मोडला, अर्धा मेट्रनबाईंच्या वाटीशेजारी आदळला, अर्धा स्वतःच्या तोंडात घातला, आणि चावता चावता काहीतरी बोलल्या.

“काय म्हणाली?” मेट्रनबाईंनी विचारलं.

लेकीनं मान वर केली नाही.

“तेच, आई. फक्त लग्न त्यांना एक तास आधी हवंय.”