पुरं नाव

“मग त्या गुलाम बाईनं मालकिणीला माफ केलं?” लीलाबाईनं विचारलं.

“यस, आजी.” श्रावस्तीनं मांडीवरचं पुस्तक मिटलं. शाळेच्या प्रोजेक्टसाठी ती अमेरिकेतल्या गुलामांवरची एक जाडजूड कादंबरी वाचत होती आणि चार दिवस आजीला तिची गोष्ट सांगत होती, अर्धी मराठीत, अर्धी इंग्रजीत. कापसाचं शेत, मालकिणीनं विकून टाकलेला मुलगा, आणि शेवटी मालकीण मरायला टेकल्यावर तिच्या उशाशी बसून प्रार्थना म्हणणारी ती बाई. “बिकॉज ऑफ हर फेथ. तिचा गॉडवर विश्वास होता ना.”

“मालकिणीनं मागितली होती का माफी?”

श्रावस्तीनं आठवून पाहिलं. “नो. आय थिंक नॉट.”

“मग न मागताच कशी दिली?”

“आई, आता ते पुस्तक पुरे,” जगदीश म्हणाला. तो खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत होता. सोफ्यावरची चादर त्यानं तिसऱ्यांदा सारखी केली. जुम्म्याची नमाज होऊन गेलेली, बहारीनमधल्या झिंजची गल्ली ओस पडली होती.

केळसकर साहेब त्याचे सित्राच्या प्लांटमधले बॉस. त्याच्या व्हिसा रिन्यूअलचा कागद दोन आठवडे त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता. पण या फेऱ्या चालल्या होत्या त्या वेगळ्याच कारणानं. केळसकर म्हणजे गावचे खोत. त्यांच्या अंगणात लीलाबाईनं तरुणपणी वर्षानुवर्षं फुकट वेठ केली होती. ती लेकाकडे महिनाभर राहायला आलीय हे कळल्यावर साहेबांच्या आईनंच निरोप धाडला होता, मला तिला भेटायचंय.

“जुनं काही काढू नकोस हां. माझं काम अडलंय त्यांच्याकडं.”

“मी कुठं काढतेय? तीच येतेय.”

चार वाजता बेल वाजली. साहेबांनी आईला दारापर्यंत सोडलं, अर्ध्या तासात येतो म्हणाले आणि बूटही न काढता परत फिरले. म्हातारी काठी टेकत आत आली. बसायच्या आधीच तिनं पाणी मागितलं. श्रावस्तीनं आणलेला पेला तोंडाला लावून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली आणि लीलाबाईकडं बघितलं. जगदीशला वाटलं, खोतांच्या घरची बाई आपल्या हातचं पाणी प्यायली, झालं, सुटलो. लीलाबाई पेल्याकडं बघतच नव्हती.

“बऱ्या आहात ना, खोतीणबाई?”

“कसली बरी.” म्हातारीनं पदरानं ओठ टिपले. “त्या दिवशी तू मला चारदा विचारलंस. पोर तापलंय, घरी जाऊ दे. मी म्हटलं, आधी भात झोडून संपव. पोर गेलं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हाही मी काय म्हटलं, तर मग आज कामाला कोण?” तिचा श्वास चढला. “आता रोज देवापुढं बसते. जप पुरा होत नाही गं. मध्येच तुटतो. मला माफ कर, लीलाबाई.”

जगदीश जागच्या जागी थांबला. आपल्याला एक थोरली बहीण होती आणि ती तापानं गेली, एवढंच त्याला ठाऊक होतं.

“गावात असताना कधी आला नाहीत आमच्याकडं,” लीलाबाई म्हणाली.

“तुमच्या वाडीत यायला धीर झाला नाही. चार लोक बघतात. इथं बरं. ओळखीचं कुणी नाही.”

“हां. इथं कुणी बघत नाही.”

श्रावस्ती पुस्तक छातीशी धरून बसली होती.

“आई,” जगदीश हळूच म्हणाला, “त्या एवढ्या घरी आल्यात. काहीतरी बोल ना.”

“बोलते. मीसुद्धा रोज सकाळी बुद्धवंदना म्हणते, खोतीणबाई. सगळ्यांचं भलं होवो म्हणते. सगळ्यांत तुम्ही पण येता. तिथं माझी जीभ अडते. पन्नास वर्षं झाली, अडतेच.” लीलाबाई पुढं सरकली. “एक सांगा. माझ्या त्या पोराचं नाव काय होतं?”

म्हातारी गोंधळली. “मुलगाच होता ना तो?”

“मुलगी होती.”

म्हातारीची मान खाली गेली. तशीच ती म्हणाली, “काय नाव होतं?”

“भागीरथी.”

जगदीश ते नाव पहिल्यांदाच ऐकत होता. त्याच्या पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात घरात ते कुणी उच्चारलं नव्हतं.

“भागी…” म्हातारी पुटपुटली.

“आखूड नाय करायचं. आमची सगळ्यांची नावं तुम्ही आखूडच केलीत. पुरं म्हणा.”

खाली गाडीचा हॉर्न वाजला. जगदीशनं खिडकी उघडली तशी गरम हवेची झळ आत आली. साहेब गाडीतूनच मान बाहेर काढून वर बघत होते. त्यांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं.

“लेक आला,” म्हणत म्हातारीनं काठी चाचपली.

“बसा,” लीलाबाई म्हणाली.

म्हातारी बसली. तिचे ओठ दोनदा नुसतेच हलले. मग तुटत तुटत ते नाव बाहेर आलं, शेवटच्या अक्षरापर्यंत.

“परत,” लीलाबाई म्हणाली.

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. जगदीशनं हात खिडकीबाहेर काढला, इथले अरब करतात तशी पाची बोटं जुळवून वर धरली. थांबा जरा. साहेब गाडीतून उतरले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. जगदीशनं हात खाली घेतला नाही.