माझ्या माघारी

"कांकणांचा आवाज मागून यायला पाहिजे, डाव्या बाजूनं," रत्नाबाई म्हणाल्या. "आमचे हे हॉलमध्ये बसले की स्वयंपाकघर तिकडं येतं."

योगीराजनं तो ट्रॅक मागच्या डाव्या चॅनलवर टाकला. जयनगरमधल्या त्याच्या स्टुडिओत एरवी लग्नाचे व्हिडिओ यायचे. स्वतःच्याच घरातले आवाज घेऊन आजवर कुणी आलं नव्हतं.

रत्नाबाईंचे यजमान खंडोजीराव यांची दृष्टी तीन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून दर पाच-दहा मिनिटांनी त्यांची हाक यायची, "रत्ना?" "आहे हो" असं उत्तर आलं की ते गप्प बसायचे. उशीर झाला तर भिंत चाचपत उठायचे. एकदा पडलेही होते. आता रत्नाबाई स्टुडिओत आल्या होत्या त्या शेजारच्या सुप्रीताला अर्धा तास त्यांच्याजवळ बसवून. तेवढ्यात खंडोजीरावांचे चार फोन येऊन गेले.

"हे कशासाठी करताय, अक्का?" योगीराजनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"माझ्या माघारी त्यांना घर मुकं वाटू नये."

योगीराजची आई निपाणीला गेल्या वर्षी वारली. जायच्या आधी महिनाभर तिनं कुणाला काही न सांगता लोणच्याच्या बरण्या भरून ठेवल्या होत्या. त्यानं रत्नाबाईंच्या बारीक मनगटांकडं पाहिलं आणि त्यांना आपला रेकॉर्डर दिला. चार दिवस तो घेऊन त्या घरभर फिरल्या.

काम किचकट होतं. सहा स्पीकरांचे सहाही ट्रॅक एकाच लांबीचे हवेत, नाहीतर नळ एकीकडं आणि भांडं भलतीकडं वाजायचं. समोर डावीकडं देवघरातली घंटा, उजवीकडं रस्त्यावरचा भाजीवाला. मागं डावीकडं स्वयंपाकघर, उजवीकडं परसदार. मधल्या स्पीकरवर रत्नाबाईंचा आवाज. ग्राइंडरची घरघर जाड आवाजाच्या डब्यातून.

"चित्र कुठलं लावू? व्हिडिओला काहीतरी लागतंच."

"काळंच ठेवा. कोण बघणार आहे?"

पहिल्यांदा सगळे ट्रॅक जोडून एन्कोड केलं तेव्हा चॅनलचा क्रम चुकला. "आहे हो" त्या जाड डब्यातून असं घुमलं, की जणू जमिनीखालून कुणी बोलतंय. रत्नाबाई दचकल्या, मग तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.

"असं ऐकलं तर हे उठून पळतील!"

योगीराजला हसू आलं नाही. त्यानं क्रम सुधारला.

"किती वेळाचं करू?"

"दोन तासांचं."

"संपलं की आपोआप पुन्हा सुरू होईल असं करतो."

"नको. दोन तास पुरे, सरी."

शनिवारी चार वाजता तो पेनड्राइव्ह घेऊन त्यांच्या घरी गेला. मुलानं अमेरिकेतून आल्यावर घेऊन दिलेलं होम थिएटर हॉलमध्ये धूळ खात होतं. खंडोजीराव वेताच्या खुर्चीत बसले होते.

"कोण आलंय?"

"स्पीकर दुरुस्त करायला आलेत," रत्नाबाई म्हणाल्या.

योगीराजनं सहाही डबे जागच्या जागी लावले आणि व्हिडिओ सुरू केला. पडदा काळाच राहिला. मागं डावीकडं नळ सुरू झाला, पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आला, कांकणं किणकिणली. घर भरून गेलं.

त्यानं वळून पाहिलं. रत्नाबाई दारात उभ्या होत्या. इस्त्रीची साडी, काखेत पर्स, चपला हातात. तो पाय न वाजवता त्यांच्याजवळ गेला.

"अक्का, तुमची तब्येत..."

"माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय?" त्या कुजबुजल्या. "तीन वर्षांत अर्ध्या तासावर घराबाहेर राहिले नाही. लालबागेत झाडांखाली जाऊन बसते स्वल्प वेळ. आजच्या दिवस थांबा हो तुम्ही. काही झालं तर फोन करा."

दार जराही न वाजता बंद झालं.

योगीराज येऊन खुर्चीसमोर बसला. प्रत्येक "आहे हो" कितव्या मिनिटाला आहे हे त्याला पाठ होतं. पहिलं यायला अजून सहा मिनिटं होती. त्याआधी हाक आली तर उत्तर देणारं कुणी नव्हतं. तो म्हाताऱ्याच्या ओठांकडं बघत राहिला.

मागं झाडू फिरला. परसदाराची कडी वाजली. खंडोजीराव मान किंचित कलती करून ऐकत होते. मग त्यांचे ओठ हलले.

"गेली का ती?"

योगीराजनं बंद दाराकडं पाहिलं.

"कोपरा वळू दे तिला," खंडोजीराव हळूच म्हणाले. "मग बंद करा ते."