जुनं टोपडं

"टोपड्याचा दिवा हिरवा आहे ना, मावशी? मग कशाला उगाच घाबरवता?" बाळंतीण मृण्मयी वैतागली.

शेवंताबाईंनी तेलाची वाटी खाली ठेवली. तीस वर्षं त्या घरोघरी बाळांना न्हाऊ घालत होत्या. हल्ली प्रत्येक बाळाला दवाखान्यातून असं टोपडं मिळायचं. टाळूतून ते मेंदूच्या शिरांमधलं रक्त पाहायचं आणि कुठे गुठळी झाली की त्याचा दिवा लाल व्हायचा. पण हे सहा दिवसांचं लेकरू रडत नव्हतं, त्यांनी त्याला उभं धरलं होतं, तरी टाळू बोटाला ताठ लागत होती. डावी मूठ तर राहून राहून झटके देत होती.

"दवाखान्यातलंच ना हे?"

"नाही, माझ्या भाच्याचं. बारशापर्यंत जुनंच घालायचं म्हणून आईने आणलं. त्याला कधी साधी सर्दी झाली नाही ना!"

शेवंताबाईंनी बाळाच्या डोक्यावरचं टोपडं ओढून काढलं. टोपडं पहिल्या बाळाच्याच शिरा ओळखायचं. दुसऱ्या डोक्यावर ते जुनाच हिरवा दिवा दाखवत राहायचं.

"नवं काढ आधी!"

मृण्मयीने कपाटातून घडीचं टोपडं काढलं. तिला बंद बांधता येईनात, ते शेवंताबाईंनी बांधले. दिवा पिवळा लुकलुकला आणि लालभडक झाला.

मृण्मयी बाळाला छातीशी धरून धावत सुटली. दारात तिची आई आडवी आली.

"अगं, बारशाआधी नवं घातलंस?"

"वाट सोडा, वहिनी," शेवंताबाई ओरडल्या. "घातलंय म्हणून बारसं तरी होईल!"