हातगुण

साडेचार वर्षं फिजिओथेरपी शिकून मी लोह्यात दवाखाना टाकला, तर पेशंट तीन. त्यातल्या चतुराबाईंची धरलेली कंबर मी बारा दिवस हातानं दाबून, ताणून मोकळी केली. तेराव्या दिवशी त्यांनी वाकून भरली घागर उचलली अन् म्हणाल्या, "पायाळूचा गुण लई लवकर आला बघा. परवा भोकरचा पाव्हणा आला होता, त्यानं कमरेला तीनदा पाय लावला."

घरी येऊन मी आईपुढं आदळआपट केली. "बोटं सुजली माझी अन् गुण त्याच्या पायाला! जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले, एवढीच त्याची डिग्री!"

आई भाकरी थापत म्हणाली, "अगं, तू बी पायाळूच हायस की." आणि हे तिनं शेजारणीलाही सांगून टाकलं.

आज सकाळी दवाखान्यापुढं वीस माणसं बसली होती. मी खुशीत हात धुतले, पहिल्या आजोबांना पालथं झोपवलं आणि त्यांच्या कमरेवर हात ठेवला.



आजोबा म्हणाले, "हात ऱ्हाऊ द्या म्याडम. पाय लावा."